पाण्याखालच्या फोटोंतले पांढरे ठिपके असे गेले

अंदमानात स्वराजद्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, प्रवाळांवर काढलेल्या माझ्या फोटोंत दोन दुखणी कायमची होती: सगळं निळंहिरवं, आणि बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके.

रंगाचं लवकर सुटलं. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं, 10 मीटरवर तो फारसा उरतच नाही. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली चालणारे फ्लॅश, लावले, फोटो रॉमध्ये, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये, घेतले, रंग परत आले.

ठिपक्यांनी मात्र दमवलं. पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर आपलाच फ्लॅश पडतो आणि तो उजेड थेट लेन्समध्ये येतो. म्हणून स्ट्रोबचे आर्म, म्हणजे ते धरणारे दांडे, दोन्ही बाजूंना लांब पसरले, हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, जरा मागे घेतले आणि तोंडं किंचित बाहेर वळवली. आता माशावर उजेडाची फक्त कड पडते, लेन्ससमोरचे कण अंधारातच राहतात. शिवाय हातभर अंतरावर, जमलं तर त्याहून जवळ जायचं. सी अ‍ॅनिमोनमधून, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यातून, डोकावणाऱ्या क्लाउनफिशच्या डोळ्यामागचा पांढरा पट्टा आणि त्याची बारीक काळी किनारसुद्धा स्वच्छ आली!

इतकं जवळ जायचं तर तरंगण्यावर पक्का ताबा हवा. पायातल्या फिनचा एक फटका वर्षानुवर्षं वाढलेली प्रवाळाची फांदी मोडतो. म्हणून जागा अडचणीची असेल तिथे मी फोटो सरळ सोडून देते.