ओसीडीतून सावरल्यावर गट कसा चालवावा

ओसीडी म्हणजे नकोसे विचार मनात येत राहणं आणि त्यापायी धुणं-तपासणं पुन्हा पुन्हा करावंसं वाटणं. उपचारांनी ती आटोक्यात आली की बरेच जण थेरपी सोडतात. काही महिने बरे जातात. मग घरात कुणाचं आजारपण निघतं, झोप मोडते आणि गॅसचा नॉब पुन्हा तीनदा तपासला जातो. अशा एखाद्या घसरणीने आजार उलटत नाही. ती लपवत राहिलं की उलटतो. इंदूरला लपवणं सोपंही आहे. २०१७ साली देशात सर्वांत स्वच्छ ठरलेलं शहर, त्यात मराठी घरातलं सोवळं-ओवळं, मग तासभर हात धुणाऱ्या सुनेला उलट टापटिपीची शाबासकीच मिळते.

म्हणून सावरलेल्यांनी एकमेकांच्या आधारासाठी गट चालवावा. तो सहा ते आठ जणांचा असावा. पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, दीड तास. कुणाच्या घरी नको, कारण यजमान आदल्या रात्रीपासून फरशी पुसत बसतो. वाचनालयाची किंवा मंडळाची खोली मागा. ईआरपी ही उपचारपद्धत जाणणारा मानसशास्त्रज्ञ महिन्यातून एकदा तरी हवा. ईआरपी म्हणजे भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि नंतरचं धुणं, तपासणं किंवा मनातला जप करायचा नाही.

बैठकीत प्रत्येकाने एकच काम ठरवून कार्डावर लिहावं. "हात कमी धुईन" हे काम नव्हे. "राजवाड्याहून सिटी बसने येताना दांडी धरीन, घरी आल्यावर पहिला दीड तास हात धुणार नाही, जेवणाआधी एकदाच २० सेकंद धुईन," हे काम. शेजारी अस्वस्थतेचा आकडा, ० ते १००. सुरुवात ४०-५० च्या कामापासून करा. आकडा उतरलाच पाहिजे असा हट्ट नको; खात्री नसतानाही दिवस निभावतो, हे अंगवळणी पडणं महत्त्वाचं. खिशातल्या ओल्या टिश्यूने चोरून बोटं पुसली तर ते काम झालं नाही, आणि हे गटात मोकळेपणाने सांगता आलं पाहिजे.

गट सगळ्यांत जास्त बिघडतो तो दिलाशाने. कुणी विचारतं, "मघाशी खड्ड्यात गाडी उसळली, माणूस तर नसेल ना?" सगळे कळवळून म्हणतात, "नाही हो दादा!" पाच मिनिटं बरं वाटतं, मग तोच प्रश्न नव्या शब्दांत. व्हॉट्सॲपवर तर रात्री अकराला आठ जण उत्तरं देतात आणि गटच नवी खातरजमा होऊन बसतो. म्हणून पहिल्याच दिवशी वाक्य ठरवा: "हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय. उत्तर देणार नाही, पण सोबत आहोत." एका उत्तराने मिटणारी खरी शंका वेगळी, तिचं उत्तर द्यावं. ग्रुपवर फक्त "काम केलं" किंवा "राहिलं" एवढंच लिहायचं. घरच्यांनाही एका बैठकीला बोलवा. घरी रोज खातरजमा करून देणारी तीच माणसं असतात.

कुणाला ओसीडी नसून नुसती चिंता असेल तर काळजीला रोज १५ मिनिटांची ठरावीक वेळ द्या, झोपण्याआधीची नको.

गोळ्यांचे डोस गटात जुळवून पाहू नका. बरं वाटल्यावरही औषध बहुधा वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात. कमी करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यानेच, हळूहळू.

प्रत्येकाच्या कार्डामागे आपल्या घसरणीची पहिली खूण लिहिलेली असावी, उदाहरणार्थ "कुलूप दोनदा ओढून पाहणं". सलग दोन आठवडे ती दिसली किंवा झोप-जेवण बिघडलं, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत.