पान कोसळल्यानंतर : टायटन अरमच्या कंदाची सुप्तावस्थेतील निगा

ज्यांच्या खासगी संग्रहात अमॉर्फोफॅलस टायटॅनम, म्हणजेच टायटन अरम आहे, त्यांनी पान पिवळे पडू लागताच पुढील काही महिन्यांच्या कामाची आखणी करावी. सुरणाच्याच प्रजातीतील ही जाती निसर्गात केवळ सुमात्राच्या वर्षावनांत आढळते. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओडोआर्डो बेक्कारी यांनी १८७८ मध्ये तिची नोंद केली आणि लागवडीत ती प्रथम फुलली ती १८८९ मध्ये, लंडनच्या क्यू उद्यानात. आज ती संकटग्रस्त वनस्पतींमध्ये गणली जाते. त्यामुळे संग्रहातला एक कंद कुजणे ही केवळ संग्राहकाची वैयक्तिक हानी नसते.

या वनस्पतीला एका वेळी एकच पान येते. झाडाएवढे दिसणारे ते पान साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ टिकते, नंतर देठासह कोसळते आणि कंद काही महिने सुप्त राहतो. हा काळ पंचांगाप्रमाणे येत नाही, तो कंदाच्या स्वतःच्या चक्राप्रमाणे येतो. म्हणून महिना पाहून पाणी तोडू नये, पान पाहून तोडावे. पान पिवळे पडू लागले की पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात, खत थांबवावे आणि देठ पूर्ण सुकून सहज सुटेपर्यंत तो ओढून काढू नये. हिरवा देठ कापल्यास कंदात परतणारा अन्नसाठा वाया जातोच, शिवाय जखमेतून कूज शिरण्याचा धोकाही वाढतो.

सुप्त कंदाला पाणी किती द्यावे, हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे, आणि माझ्या मते बहुतेक कंद दुर्लक्षामुळे नव्हे, तर काळजीपोटी दिलेल्या जादा पाण्यामुळे जातात. पाने नसल्याने बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबलेले असते आणि दिलेले पाणी कुंडीतच राहते. माध्यम, म्हणजे कुंडीत भरलेले मिश्रण, बोटाला जेमतेम ओलसर लागेल इतकेच ठेवावे. ते पूर्ण कोरडे होऊन कंद सुरकुतणेही टाळावे. तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये, कारण थंड आणि ओले माध्यम यांची जोड कंदाला सोसत नाही. थंडीच्या दिवसांत गार फरशीवर ठेवलेली कुंडी लाकडी पाटावर उचलून ठेवावी, एवढ्यानेही फरक पडतो.

कुंडी बदलायची असेल तर हाच काळ योग्य आहे. जुनी मुळे सुकलेली असताना आणि नवा कोंब उगवण्यापूर्वी कुंडी आडवी करून माध्यम हातांनीच मोकळे करावे, खुरपे वापरू नये. कंदाची साल पातळ असून ती सहज खरचटते. कंद दाबून पाहावा. मऊ, दुर्गंधी येणारा भाग आढळल्यास निर्जंतुक केलेल्या सुरीने निरोगी, घट्ट गर लागेपर्यंत तो कापून टाकावा, कापावर गंधकाची भुकटी लावावी आणि जखम सुकेपर्यंत कंद उबदार, हवेशीर जागी ठेवावा. पृष्ठभागावरील पिठ्या ढेकूण आणि मुळांवरील सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी याच वेळी तपासाव्यात. सूत्रकृमी आढळल्यास जुने माध्यम संग्रहातील दुसऱ्या कोणत्याही कुंडीत वापरू नये.

नवी कुंडी कंदाच्या व्यासाच्या किमान दुप्पट रुंद असावी. झाडाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट, पेरलाइट (हलके, सच्छिद्र खनिज दाणे) आणि चांगले कुजलेले पानखत यांचे सैलसर मिश्रण चालते. निचरा मात्र तडजोड न करता पाहावा. मुळे कंदाच्या तळातून नव्हे, तर वरच्या बाजूने, कोंबाच्या बुडाभोवती फुटतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. म्हणून कंद वरवर न लावता त्यावर पुरेसा थर द्यावा, नाहीतर मुळांना पसरण्यास माध्यमच उरत नाही.

कोंब दिसू लागल्यावर पाणी हळूहळू वाढवावे, आणि पान उलगडल्यानंतरच पालाशयुक्त खत नियमित सुरू करावे. मोठ्या कंदाचा कोंब पानाचा की फुलोऱ्याचा, हे पहिल्या काही आठवड्यांत ओळखता येत नाही. तोवर आवरण सोलून पाहण्याचा मोह आवरावा. फुलोरा निघाल्यास तो उमलून जेमतेम एक-दोन दिवस टिकतो, आणि त्यातील स्त्रीपुष्पे पहिल्या रात्री, पुंपुष्पे दुसऱ्या दिवशी पक्व होतात. त्यामुळे बी हवे असल्यास दुसऱ्या, नातेसंबंध नसलेल्या रोपाचे परागकण कोंब वाढत असतानाच अन्य संग्राहकांकडून मागवून ठेवावेत.