अॅग्रोबॅक्टेरियमद्वारे जनुक-रोपण: या चुका टाळा

अॅग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेशियन्स हा मातीतला जिवाणू जखमेवाटे आपला टी-डीएनए, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक तुकडा, वनस्पतीच्या पेशीत सोडतो. त्यातील गाठ आणणारी जनुके काढून तेथे हवे ते जनुक बसवले, की तोच आपला वाहक होतो. १९९५ मध्ये यीस्टवर आणि १९९८ मध्ये तंतुमय बुरशांवर ही पद्धत यशस्वी ठरली. प्रयोग फसला की विद्यार्थी प्रथम प्लाझमिडला, म्हणजे हवे ते जनुक वाहणाऱ्या वर्तुळाकार डीएनएला, दोष देतात. ते बहुधा निर्दोष असते.

इंदूरमध्ये, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, पहिला संशय तापमानाचा घ्यावा. माळव्याच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या असल्या, तरी एसी बंद केलेल्या प्रयोगशाळेत तो थंडावा पोहोचत नाही. जिवाणू २८ अंशांवर जोमाने वाढतो, त्यामुळे सारे सुरळीत चालल्याचा भास होतो. परंतु डीएनए सोडणारी विर जनुकांची यंत्रणा २० ते २५ अंशांत नीट चालते आणि त्यापुढे ढेपाळते. ताटलीवर जिवाणूंचा दाट थर आहे, पण रूपांतरित वसाहत एकही नाही, असे दिसल्यास इनक्युबेटरच्या आत थर्मामीटर ठेवून रात्रभराची नोंद घ्यावी.

जखमी वनस्पती विर जनुकांना जागे करणारी फिनॉलिक संयुगे स्वतः सोडते. बुरशीकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही, म्हणून तेथे सुमारे २०० मायक्रोमोलर अॅसिटोसिरिंगोन हे तसेच एक संयुग घालावेच लागते. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून लहान भागांत उणे २० अंशांवर, अंधारात ठेवावे. माध्यमाचा सामू ५.२ ते ५.६ च्या आसपास नसेल, तर हे सारे व्यर्थ जाते. सोयाबीनच्या बीजपत्रांच्या जखमा तपकिरी पडत असल्यास सहसंवर्धनाच्या (जिवाणू व ऊती एकत्र वाढवण्याच्या) माध्यमात सिस्टीन हे अमिनो आम्ल घालून पाहावे.

रूपांतरित न झालेल्या पेशी मारणाऱ्या हायग्रोमायसिन या प्रतिजैविकाची मात्रा दुसऱ्या बुरशीवरच्या शोधनिबंधातून उचलू नये. सोयाबीनवरील मॅक्रोफोमिना ही बुरशी असो वा अन्य कोणती, मूळ (रूपांतर न केलेला) विभेद किती मात्रेला मरतो हे आधी तपासावे. कवकतंतूंत अनेक केंद्रके असल्याने पहिली वसाहत बहुधा मिश्र असते. ती एकल बीजाणूपासून, आणि बीजाणू मिळत नसल्यास तंतूचे टोक कापून, पुन्हा वाढवावी.

अपयशापेक्षा खोटे यश अधिक महागात पडते. ऊतींत दडलेल्या जिवाणूतील प्लाझमिडमुळेही पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक भाग वाढवून शोधणाऱ्या चाचणीत) पट्टी उमटते. म्हणून टी-डीएनएबाहेरील एखाद्या विर जनुकाचे प्रायमर (ते जनुक शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) सोबत चालवावेत. तेथेही पट्टी आली, तर पहिल्या पट्टीवर विसंबू नये. निळा रंग देणारे गस हे खूणजनुक इंट्रॉनसह (जिवाणूला काढून टाकता न येणाऱ्या मधल्या तुकड्यासह) वापरावे, म्हणजे निळा रंग जिवाणूचा नसल्याची खात्री पटते; अंतिम निर्वाळा मात्र सदर्न ब्लॉट या, जनुक यजमानाच्या डीएनएत बसले का हे दाखवणाऱ्या चाचणीचाच घ्यावा. एजीएल-१ हा अॅग्रोबॅक्टेरियमचा विभेद कार्बेनिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही, तेथे सेफोटॅक्सिम वापरावे, आणि माध्यम स्वच्छ दिसू लागले म्हणून ते लगेच थांबवू नये, कारण जिवाणू पेशींमधल्या जागेत टिकून राहतो व पुढल्या उपसंवर्धनात पुन्हा वर येतो.