अंध मुलांना इंग्लिश शिकवायचंय? मग एबीसीडीपासून सुरू करू नका

सांगलीत दर शनिवारी मी अंध पोरांच्या वसतिगृहावर इंग्लिश शिकवायला जातो, आणि पहिल्या दिवशी काय घेऊन गेलो होतो सांगू? पिशवीभर फ्लॅशकार्डं. हसा खुशाल.

पहिलं काम, पोराला मराठी ब्रेल येतंय का विचारा. येत असेल तर निम्मं मैदान मारलंय, कारण आपलं भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांचं ब्रेल, उच्चारावर बसवलंय आणि त्यातल्या बऱ्याच अक्षरांचे ठिपके थेट इंग्लिश ब्रेलचेच आहेत. क म्हणजे के, म म्हणजे एम, प म्हणजे पी. मात्रा वेगळी नसते, व्यंजनापुढं स्वर लिहायचा, त्यामुळं मराठीत 'पेन' लिहिलं की कागदावर पी-ई-एन झालेलंच असतं. हे आधी सांगू नका. 'पेन', 'पिन', 'लिप' मराठीत लिहून घ्या आणि मग म्हणा, हे तू इंग्लिश लिहिलंयस. "सर, एवढंच असतंय व्हय?" असं एकानं विचारलं तेव्हा माझी एबीसीडीची तयारी फुकट गेली.

आता गोची कुठं होते, तर सी म्हणजे च आणि टी म्हणजे त. पोरगं 'कॅट'ला 'चअत' वाचतं, 'टेन'ला 'तेन', आणि मराठीत बस लिहिताना नुसतं बी-एस लिहायची सवय असल्यानं इंग्लिश 'बस' त्याच्या बोटाखाली 'बुस' होते, अख्खा वर्ग खिदळतो. खिदळू दे, लक्षात राहतं. पुढं ग्रेड टू ब्रेलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांना एकच खूण असलेल्या आखूड ब्रेलमध्ये, एसएचचा ठिपका-गट म्हणजे आपला श, टीएचचा थ, जीएचचा घ, हीपण फुकटची कमाई, फक्त घाई नको, आधी पूर्ण स्पेलिंग बोटात बसू दे.

मोबाईल आहे की, त्यातला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर पडद्यावरचं वाचून दाखवतो, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा तसाच स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मग ब्रेल कशाला, असं लोक म्हणतात. मला नाही पटत. नुसतं ऐकून शिकलेलं पोरगं बोलतं झकास, पण 'बिकॉज' लिहायला सांगा, बी-आय-के-ओ-झेड. 'नो' आणि 'नो', नाही कुठलं आणि माहीत असणं कुठलं, कानाला काय कळणार? स्क्रीन रीडर वापरायचाच, पण बाणाच्या बटणानं एकेक अक्षर ऐकत.

शब्द शिकवायला खेळण्यातलं प्लास्टिकचं सफरचंद नको, त्याला ना वास ना वजन. मंडईतून खरं आणा. नारळाची शेंडी रफ, वांगं स्मूद, बेदाणा स्टिकी. इन, ऑन, अंडर साठी स्टीलचा डबा आणि भडंग, डब्यात, झाकणावर, झाकणाखाली, तास संपेपर्यंत भडंगही संपतं ते सोडा. मिरजेत सतार बनवणाऱ्यांकडं नेलं तेव्हा 'हॉलो' हा शब्द भोपळ्यावर टिचकी मारून एका मिनिटात कळला, 'टाइट' आणि 'लूज' तारेवर.

'लुक', 'सी' टाळू नका, पोरं स्वतःच "काल मॅच बघितली" म्हणतात. रंगही शिकवा, हळद पिवळी हे त्यांना ऐकून पाठ असतंय. 'धिस' आणि 'दॅट' मात्र बोट दाखवून चालणार नाही, एक वस्तू त्याच्या हातात द्या, दुसरी उठून जाऊन घ्यावी लागेल इतकी लांब ठेवा. आणि मान डोलावू नका, तोंडानं "बरोबर" म्हणा, मला ही सवय लागायला महिना गेला. हात धरून ओढायचा नाही, विचारायचं.

थोडं दिसणारी पोरं असतील तर काळा जाड मार्कर, मोठी अक्षरं, आणि उजेड त्यांच्या पाठीमागून.

स्वतः ब्रेल शिकाच, नाहीतर वह्या कोण तपासणार? ब्रेलच्या स्लेटवर, म्हणजे कागद अडकवायच्या खाचांच्या पट्टीवर, टोच्यानं उजवीकडून डावीकडं उलटं टोचत जायचं, कागद पलटला की सरळ वाचता येतं. डोळ्यानं वाचायचं तर कागद ट्यूबखाली तिरका धरा, ठिपक्यांची सावली पडते. चुकीचा ठिपका नखानं दाबून बसवता येतो, पोरं ते आपल्याआधीच करून बसलेली असतात, तेवढं बघत जा.