बसचं मोटरहोम विकताना आरसी ट्रान्सफर अडलं तर

लक्षण: गिऱ्हाईक पक्कं, गाडी आतून घरासारखी, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) अजून ‘बस’ आणि जुनीच आसनसंख्या. ट्रान्सफरचा अर्ज परत. भाव उतरवला, एजंट धरला, डोकं फिरलं.

पुण्यात शेवटी या क्रमाने जमलं: आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन जुन्या कर्जाचा बोजा उतरवला. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या बदलाला मंजुरी. आरटीओत गाडी दाखवून आरसीवर नवा बॉडी प्रकार आणि आसनं. त्यानंतरच विमा, नव्या नोंदीला तंतोतंत जुळणारा. सगळ्यात शेवटी मालकी बदलाचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि ३०. गिऱ्हाईक परराज्यातलं असेल तर आरटीओच्या एनओसीसाठी फॉर्म २८ सुद्धा.

‘व्हिंटेज’ नोंदणीच्या नादी लागू नका. ती ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी. आतून पलंग-ओटा केलेली बस त्यात बसत नाही.