काट्याच्या सॉफ्टवेअरमधले डायलॉग: या चुका टाळा

कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडच्या जिनिंगवर वजनकाट्यासमोर ट्रॉल्यांची रांग लागते. काट्याचा संगणक अडला की मागची सगळी रांग अडते. अशा प्रोग्राममध्ये विंडोजचे स्वतःचे डायलॉग, म्हणजे सूचना किंवा प्रश्न दाखवून उत्तर घेणाऱ्या छोट्या खिडक्या, वापरणे बरोबरच आहे. ऑपरेटरच्या ते ओळखीचे असतात आणि कीबोर्डवर नीट चालतात. बिघडतात ते ठरावीक जागी. खालचे तपशील मुख्यतः विनफॉर्म्सचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये विंडोजचे प्रोग्राम बनवायच्या साधनाचे, आहेत.

टायमरच्या आत मेसेजबॉक्स

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. इंडिकेटरचे (काट्याचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राचे) वजन सिरीयल पोर्टवरून, म्हणजे केबलच्या जोडणीतून, दर अर्ध्या सेकंदाला टायमर (ठरावीक वेळाने आपोआप चालणारा कोड) वाचतो. केबल ढिली झाली, पोर्ट बंद सापडला की त्याच टायमरमधून 'काट्याशी संपर्क नाही' असा मेसेजबॉक्स (मजकूर आणि बटणांचा साधा डायलॉग) उघडतो. मेसेजबॉक्स उघडल्यावर तुमचा कोड त्या ओळीवर थांबतो, पण टायमर थांबत नाही, कारण मेसेजबॉक्स स्वतःचा मेसेज लूप (विंडोजकडून येणारे संदेश हाताळणारी फेरी) चालवतो आणि टायमरचे मेसेज त्यातून येतच राहतात. अर्ध्या सेकंदाने दुसरा बॉक्स, मग तिसरा. ऑपरेटर चहा घेऊन येईपर्यंत पडद्यावर शंभराची चळत.

बॉक्सआधी टायमर बंद करून नंतर चालू केला तर चळत लागत नाही, पण मूळ अडचण राहते. संपर्क तुटला या बातमीवर ऑपरेटरने उत्तर द्यायचे काहीच नसते, मग डायलॉग कशाला? विंडोच्या वरच्या भागात लाल पट्टी दाखवा, पावतीचे बटण निष्क्रिय करा आणि वजनाच्या जागी रेघा दाखवा. संपर्क आला की पट्टी आपोआप जाऊ द्या. रेघा विसरू नका. जुना आकडा पडद्यावर राहिला तर पुढच्या ट्रॉलीची पावती त्याच आकड्यावर फाटू शकते. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. म्हणजे वीस किलोची चूक शेतकऱ्याला १,६२२ रुपयांना पडते.

याच कारणाने आणखी एक चूक होते, आणि ती लवकर सापडत नाही. 'रिकामे वजन ३,४२० किलो नोंदवायचे?' असे विचारले. ऑपरेटरने 'हो' म्हणेपर्यंत गाडी काट्यावरून अर्धी उतरली, टायमरने चालू वजन बदलले, आणि कोडने सेव्ह केले ते हे नवे वजन. डायलॉग उघडण्याआधी आकडा स्थानिक व्हेरिएबलमध्ये (टायमर बदलू शकत नाही अशा वेगळ्या जागी) घ्या. तोच दाखवा, तोच सेव्ह करा.

'प्रोग्राम हँग झाला' असा फोन

बहुतेक वेळा हँग काही झालेले नसते. मेसेजबॉक्स मुख्य विंडोच्या मागे गेलेला असतो. ऑल्ट-टॅब दाबा, सापडेल. मालक विंडो (डायलॉग जिच्या वर राहतो ती) दिली नाही तर विनफॉर्म्स त्या क्षणी त्या थ्रेडची (प्रोग्रामच्या त्या कार्यधाग्याची) जी विंडो सक्रिय असेल तिला मालक धरते. ऑपरेटर नेमका एक्सेलमध्ये असला तर अशी विंडोच नसते आणि बॉक्स बिनमालकाचा राहतो. मुख्य विंडो मात्र निष्क्रिय झालेली असते. म्हणून मेसेजबॉक्सच्या 'शो' फंक्शनला पहिला आर्ग्युमेंट नेहमी 'धिस', म्हणजे चालू फॉर्म, द्या. डेटा आल्याचे कळवणारा सिरीयल पोर्टचा डेटा-रिसीव्ह्ड इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर येतो. तिथून थेट डायलॉग उघडू नका, बिगिन-इन्व्होकने फॉर्मच्या थ्रेडवर या.

एंटरची सवय

काट्यावरचा माणूस दिवसभर आकडे टाकून एंटर दाबत असतो. 'पावती रद्द करायची?' या प्रश्नात काही सांगितले नाही तर पहिले बटण, म्हणजे 'येस', डीफॉल्ट असते. अशा ठिकाणी डीफॉल्ट दुसरे बटण ठेवा. नुसत्या येस-नोच्या बॉक्समध्ये एस्केप चालत नाही आणि वरची फुलीही बंद असते, हेही लक्षात ठेवा. शिवाय प्रश्न मराठीत असला तरी बटणे विंडोजच्या भाषेतच येतात. डॉटनेट ५ पासून विनफॉर्म्समध्ये टास्क-डायलॉग आहे. त्यात 'पावती रद्द करा' आणि 'राहू द्या' अशी सरळ मराठी बटणे देता येतात. सी++ मधून तोच वापरताना 'ऑर्डिनल ३४५ सापडत नाही' अशी एरर आली, तर मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) कॉमन कंट्रोल्सची (विंडोजच्या बटणे-डायलॉगांच्या लायब्ररीची) सहावी आवृत्ती लिहायची राहिली आहे.

मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर एएनएसआय फंक्शन, म्हणजे युनिकोड न जाणणारे जुने फंक्शन, वापरले गेले आहे. व्हीबी-६ (व्हिज्युअल बेसिक ६) मधल्या जुन्या प्रोग्रामांचा मेसेजबॉक्स असाच आहे. त्यात मेसेजबॉक्स-डब्ल्यू हे युनिकोड फंक्शन डिक्लेअर करून स्ट्रिंगचा पॉइंटर द्यावा लागतो. फाँट बदलून काही होत नाही.

पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतल्यावर डेटाबेस हरवतो

फाइल निवडायचा डायलॉग प्रोग्रामचा चालू फोल्डर (नुसत्या नावाची फाइल जिथे शोधली जाते तो) बदलू शकतो. डेटाबेसचा पत्ता नुसत्या नावाने दिला असेल तर बॅकअपनंतर प्रोग्राम तो पेन ड्राइव्हवर शोधू लागतो. डायलॉगची रिस्टोअर-डिरेक्टरी ही सेटिंग चालू करा, पण खरा उपाय म्हणजे डेटाबेसचा पूर्ण पत्ता प्रोग्रामच्या फोल्डरवरून काढणे. बॅकअपचे सुचवलेले नाव तारखेवरून बनवत असाल तर तिरकी रेघ नको, विंडोज ती फाइलनावात घेत नाही. २०२५-११-१२ असे लिहा, म्हणजे यादीही तारखेप्रमाणे लागते. 'कॅन्सल' तपासा: परतलेले उत्तर 'ओके' नसेल तर पुढची एकही ओळ चालता कामा नये.

ऑपरेटरला एक गोष्ट शिकवून ठेवा. मेसेजबॉक्स समोर असताना कंट्रोल-सी दाबले की शीर्षकासकट सगळा मजकूर कॉपी होतो. तो तसाच व्हॉट्सॲपवर पाठवला की 'काहीतरी इंग्रजीत आलं होतं' यावरून अंदाज बांधत बसावे लागत नाही.