कमी इंटरनेट असलेल्यांनाही सामावून घेणारा ऑनलाइन वर्ग कसा चालवावा

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४ मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्या वर्षी जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटपासून दूर होते. पण जोडलेल्यांमध्येही मोठी दरी असते, आणि वर्ग आखताना नेमकी तीच नजरेआड होते. म्हणून प्रथम प्रत्येकाकडे कोणते उपकरण आहे, ते घरात किती जण वापरतात आणि डेटा केव्हा संपतो, हे फोनवरून विचारून घ्यावे, कारण ऑनलाइन प्रश्नावली ज्यांची अडचण जाणून घ्यायची त्यांच्यापर्यंतच पोहोचत नाही.

त्यानंतर धड्याचे वजन मोजावे. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चालणारा व्हिडिओ तासाभरात सुमारे ४५० मेगाबाइट खर्च करतो, तर ३२ किलोबिटचे ध्वनिमुद्रण अवघे १४ मेगाबाइट घेते. त्यामुळे ध्वनी आणि लिखित टिपण हाच मुख्य धडा मानावा आणि व्हिडिओ ऐच्छिक ठेवावा.

चर्चेसाठी किमान दोन दिवसांची मुदत द्यावी. उशिरा आलेल्या उत्तरालाही तितक्याच आस्थेने प्रतिसाद द्यावा, कारण गप्प राहणारा विद्यार्थी बहुधा उदासीन नसतो, त्याची जोडणी तुटलेली असते. हजेरीवर गुण मात्र कधीही देऊ नयेत.